नाथामामांच्या घरातली खरी मिशी

मला सांगा, माणसाने विश्वास कोणावर ठेवावा? बायकोवर, की गिऱ्हाइकाच्या चपला बघून खिसा ओळखणाऱ्या आपल्या नजरेवर? घाईने उत्तर देऊ नका. आमच्या गुणाजीशेठनी दिलं होतं.

शेठचं ठाण्याला, नौपाड्यात खुर्च्या-बादल्यांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पण खरा माल कुठला आणि नकली कुठला, ते टिचकी मारून सांगतात. (एका सत्कारात मिळालेल्या चांदीच्या नारळाला त्यांनी स्टेजवरच टिचकी मारली. तेव्हापासून सत्कार बंद.)

घोडबंदर रोडच्या नाथानगरीत खुर्च्या जातात त्या त्यांच्याच. बाहुल्यांचा फिरता खेळ करत करत मोठे झालेल्या कैलासवासी नाथामामांनी उभारलेलं ते पार्क. आपलं लहानपणीचं गाव, कल्याणपलीकडची शेलवडी, मामांनी तिथे हुबेहूब बांधून घेतलं: पार, देऊळ, देवळामागे त्यांचं घर. घरातले, चिकटवलेल्या मिशांचे आजोबा "या, या, वाटच बघत होतो" म्हणतात, नऊवारीतली मुलगी घावन आणते, पाहुणे टाळ्या वाजवतात. फुकट पासावर शेठ इतक्यांदा गेलेले, की आजोबा कुठल्या वाक्याला खोकतात तेही त्यांना पाठ.

आणि यज्ञेशला मुलगी सांगून आली ती नेमकी शेलवडीची. यज्ञेश शेठचा एकुलता एक मुलगा, पस्तिशीला टेकलेला. मुली बघायला जायचं आणि नकार घेऊन यायचं, हे चाललेलं. प्रत्येक नकारामागे त्याच्या आईच्या, चंद्रभागावहिनींच्या मते एकच कारण, शेठचं तोंड. या वेळी निघतानाच त्यांनी बजावलं, "हे स्थळ गेलं तर मी पोराला तोंड दाखवणार नाही. तुम्ही फक्त हसायचं."

कार्यक्रम चारचा, गाडी तासभर आधीच पोचली.

"तोवर मामांचं ओरिजिनल घर बघू," शेठ म्हणाले.

"अहो, आधी मुलीच्या वडिलांना, मारुतरावांना फोन करून घर तरी विचारू."

"चारला विचारू. लवकर गेलं की आपण गरजू दिसतो."

रस्ता विचारायची गरजच नव्हती. पार आला, देऊळ आलं, मागे घर आलं. ओट्यावर धोतर नेसलेले, भरघोस मिशांचे म्हातारे आबा बसलेले. ते उठून म्हणाले, "या, या, वाटच बघत होतो."

"बघ!" शेठनी वहिनींना कोपराने ढोसलं. "डायलॉगसुद्धा तोच!"

"अहो, तिकीट कुठे काढलंत?"

"निघताना घेत असतील. गावाकडची पद्धत."

आत जाऊन शेठनी खांबाला टिचकी मारली. "सागवान! आपल्या नाथानगरीत फायबर आहे." मग पलंगाला मारली, तांब्याला मारली. दाराशी एक मध्यमवयीन माणूस हात जोडून उभा होता. त्याला म्हणाले, "मॅनेजर का? मेंटेनन्स चांगला ठेवलाय." तो गोंधळून नुसता हसला. ठाण्याचे लोक अशीच मस्करी करत असतील, असं त्याला वाटलं.

शेठ आता आबांसमोर गेले, वाकले, आणि त्यांची मिशी चिमटीत धरून ओढली.

"आई गं!" आबा ओरडले. "मिशी उपटायला आलास काय रे?"

"अगं, खरी आहे!" शेठ टाळ्या वाजवत वहिनींकडे वळले. "आणि हा डायलॉग आपल्याकडे नाही हं. नवीन टाकलाय!"

इतक्यात घावनाचा ट्रे घेऊन मुलगी बाहेर आली. यज्ञेशने तिचा फोटो पाहिलेला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"पप्पा, ही..."

"गप. शो चालू आहे." शेठनी घावन उचललं. "वा! काय जाळी पडलीय! पोरी, दिवसाला किती पार्ट्या येतात गं?"

मुलीने आधी आबांकडे पाहिलं, मग यज्ञेशकडे. "तुमची दुसरी. मागच्या रविवारी एक आलेली. पण त्यांनी कुणाची मिशी नाही ओढली."

"हजरजबाबी आहे!" शेठ खूश. वहिनींच्या कानाशी लागून, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अशी सून मिळाली तर शटर ओढून पारावर नाचेन. पण आपल्या नशिबी कुठली? पोटभर खाऊन घे. चार वाजता त्या मारुतरावाकडे मऊ पडलेली बिस्किटं खायचीत."

वहिनींनी मुलीकडे पाहिलं, मुलाच्या घामाकडे पाहिलं, आणि मारुतरावांना फोन लावला.

दाराशी उभ्या असलेल्या मॅनेजरचा खिसा वाजू लागला.

"हॅलो," तो फोन कानाला लावून म्हणाला. "वहिनी, मी तुमच्यासमोरच उभा आहे. बिस्किटं आणली नाहीत, माफ करा."

शेठच्या तोंडातलं घावन तोंडातच राहिलं. यज्ञेश जमिनीकडे बघत होता. वहिनी कुणाकडेच बघत नव्हत्या.

"आम्हाला वाटलं, हे नाथामामांचं..." शेठ पुटपुटले.

"त्याचंच," आबा मिशी चोळत म्हणाले. "नाथा माझा चुलता. पण त्याचा खेळ तिकडे. इकडे आम्ही राहतो."

आणि खुदकन हसू आलं ते त्या मुलीला, दक्षताला. ट्रे खाली ठेवून ती पदर तोंडाला लावून हसली. यज्ञेशलाही राहवलं नाही. दोघं हसताहेत म्हटल्यावर मोठ्यांचा नाइलाज झाला.

"आबा," ती म्हणाली, "मागच्या पार्टीने घावन गोड मानून खाल्लं आणि घरी जाऊन नावं ठेवली. यांना तर आपण खरे आहोत हेच माहीत नव्हतं. मग कौतुक खोटं कशाला करतील?"

आबांनी विचार केला. "मुलगा पसंत आहे," ते म्हणाले. "बापाला जरा लांब बसवा."

फाल्गुनात लग्न झालं. व्याहीभेटीला शेठ दोन्ही हात पसरून पुढे झाले, तेव्हा आबांनी आधी दोन्ही हातांनी मिशी झाकली. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. अल्बमच्या कव्हरवर नवरा-नवरी नाहीत, तो फोटो आहे.

हल्ली शेठ दुकानात सांगत असतात, "सून मी निवडली. माल टिचकी मारून पारखला." तुम्ही खुर्ची घ्यायला गेलात तर तुम्हालाही सांगतील. माना डोलवा, चहा घ्या. पण हिशेब मात्र प्रामाणिक ठेवा: सून जमा करायची ती दक्षताच्या हसण्याच्या नावावर, फोन वहिनींच्या नावावर, आणि शेठच्या नावावर फक्त ती मिशी.