मयेकरकाकांचा कोड

कुणाच्याही मोबाइलवर मेसेज वाजला की मयेकरकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात, एकदा तर चौथ्या मजल्यावरच्या साखरपुड्यातसुद्धा. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा रुसला. ते रुसलेले नसतात. "कोड आला असेल तर?" असं त्यांचं म्हणणं. "कोड म्हणजे माणसाची आंघोळ. दुसऱ्यानं बघायची नाही."

सिल्व्हर पार्कातल्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. सत्तरी ओलांडलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मेधा लग्न होऊन हैदराबादला. उभी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कामगार येता-जाता घड्याळात कार्ड पंच करतात की नाही, आणि मुख्य म्हणजे मित्राचं कार्ड मित्र पंच करत नाही ना, यावर नजर ठेवायची. रिटायर झाल्यावर घड्याळ कारखान्यानं ठेवून घेतलं, सवय काका घरी घेऊन आले. त्यांचा फोनही पंच केल्यासारखाच. "मयेकर बोलतोय. टाकी धुवायला माणूस आलाय. काम एवढंच." की फोन कट. आपण पुढे बराच वेळ "हो का, बरं बरं" असं हवेला सांगत राहतो. कामाशिवाय त्यांनी कुणाला फोन केल्याचं मला आठवत नाही.

सोसायटीची वेबसाइट काढायचं ठरलं, तेव्हा काशीमीऱ्याच्या एका ऑफिसातून ती बनवून घेतली. पाण्याच्या वेळा, तक्रारी, हॉलचं बुकिंग, सगळं त्यात. तांत्रिक सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. माझी लायकी एवढीच, की मी एकदा ऑफिसचा प्रिंटर बंद करून परत चालू केला होता आणि तो चालला होता. ही गोष्ट मीच घरी जरा तिखटमीठ लावून सांगितली, हिनं ती बिल्डिंगभर केली.

पासवर्ड ठेवायचा नाही, हे काकांनी पहिल्याच मीटिंगला ठरवलं. "पासवर्ड लोक फ्रिजवर चिकटवतात." त्यापेक्षा प्रत्येकानं आपला ईमेल नोंदवायचा, लॉगिन करताना त्यावर कोड येणार, तो टाकला की आत. दर वेळी नवा कोड, आणि थोड्या वेळात तो शिळा.

"पंचिंगच आहे हे, कदम," ते खुशीत मला म्हणाले. "ज्याचं कार्ड त्यानंच पंच करायचं. एक माणूस, एक ईमेल. काम एवढंच."

नोंदणीला रविवार धरला. सोसायटीच्या ऑफिसात काकांनी गणपतीच्या सजावटीतला जांभळा पडदा दोरीवर टांगला. सभासदानं फोन घेऊन पडद्यामागे जायचं, कोड वाचायचा, स्वतः टाकायचा. काका बाहेर पाठ करून उभे, कापडाच्या दुकानातल्या ट्रायल रूमबाहेर नवरे उभे असतात तसे.

पहिल्या गेल्या काकांच्या शेजारच्या हंसाबेन. आत जाताच त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली, "मयेकरभाई, आ गया. चार, सात, फिर चार…"

काकांनी दोन्ही कान झाकले. "हंसाबेन, बोलने का नहीं. मन में रखो."

"मन में कैसे रहेगा? मेरे को गॅस पे रखा हुआ दूध याद नहीं रहता."

काकांनी तो कोड बाद ठरवला आणि दुसरा मागवायला लावला. त्यानंतर एक गृहस्थ पडद्यामागे इतका वेळ राहिले की बाहेर लोकांना काळजी वाटायला लागली. त्यांचा कोड स्पॅममध्ये जाऊन बसला होता आणि स्पॅम कुठे असतं हे त्यांना सांगायला आत जायची कुणाला परवानगी नव्हती. काका भिंतीकडे बघत ओरडून सांगत होते, "डावीकडे तीन रेघा आहेत. त्या दाबा. मी बघत नाहीये."

एका कुटुंबानं सगळ्यांचा मिळून मुलाचाच ईमेल दिला. काकांनी त्यांना परत पाठवलं. "उद्या आंघोळही एकच करणार का?" आणि तांत्रिक सल्लागाराचं म्हणाल, तर मी स्वतःचाच ईमेल चुकवला. माझे कोड कुणा अनोळखी सद्गृहस्थाकडे जात राहिले आणि मी सर्व्हरला नावं ठेवत राहिलो. काकांनी चूक शोधली आणि मला सगळ्यांदेखत पुन्हा पडद्यामागे पाठवलं.

पण नोंदणी झाली, एकही घर सुटलं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी हंडे भरायच्या आत काकांची सूचना वेबसाइटवर हजर. "आज पाणी सकाळीच. काम एवढंच." सूचना टाकली की ते लॉगआउट करत. 'मला लक्षात ठेवा' या चौकोनावर टिक करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ड्युटी संपली की माणसानं बाहेर पडायचं, दुसऱ्या दिवशी नव्यानं पंच करायचं.

एका सकाळी सूचना आली नाही. पाणी लवकर येऊन गेलं, बिल्डिंग कोरडी राहिली. हिनं मला रिकामी बादली दाखवली आणि मी दात न घासताच काकांकडे गेलो. ते लॅपटॉपसमोर बसले होते. खिशाला पेन, समोर कोरा कागद.

"काका, सूचना?"

"कोड गेलाय. आला नाही अजून."

"गेलाय कुठे?"

ते जरा घुटमळले. "हैदराबादला."

मग कळलं. वेबसाइट सुरू होताना मेधा दिवाळीला आली होती. काकांची नोंदणी तिनंच केली आणि घाईत स्वतःचाच ईमेल घातला. तेव्हापासून रोज सकाळी काकांचा कोड हैदराबादला जायचा आणि ती फोन करून तो वाचून दाखवायची. त्या दिवशी ती सकाळीच कुठे तरी प्रवासात होती.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पडदा लावणाऱ्या माणसाचं कार्ड रोज दुसरंच कुणी पंच करतंय. "काका," मी म्हणालो, "ही तर तुमच्याच नियमाची चोरी झाली."

"हो," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. बदला."

मी तिथल्या तिथे त्यांचा नवा ईमेल काढला. जुना बदलायला जुन्यावरच एक कोड जातो. दुपारी मेधानं तो फोनवर सांगितला, काकांनी लिहून घेतला. "हा शेवटचा. आता तुला त्रास नाही," एवढंच बोलले. मी तांत्रिक सल्लागाराच्या रुबाबात घरी आलो आणि हिला चहा टाकायला सांगितला.

सूचना पुन्हा वेळेवर यायला लागल्या. काही दिवसांनी हंसाबेननी मला जिन्यात गाठलं.

"कदमभाई, मयेकरभाई की तबियत ठीक है ना? सुबह आवाज नहीं आता."

"कैसा आवाज?"

"वो कोड का. छोकरी का फोन आता था ना. मेरे रसोडे में सब सुनाई देता है. एक आँकडा लिखते थे, फिर पूछते थे, छोटू का दाँत निकला क्या. फिर दूसरा आँकडा. बातों बातों में कोड मर जाता था, तो नया मँगाते थे. मेरी पूरी रोटी हो जाती थी. अब एकदम चूप."

मी घरी येऊन हे हिला सांगितलं. हिनं पोळपाटावरून मान वर केली. "अहो, त्या माणसाला कामाशिवाय फोन करता येत नाही, हे तुम्हीच जगाला सांगत असता ना? तुम्ही त्यांचं कामच काढून घेतलंत."

"मग मेधा आपणहून का करत नाही?"

"तीही त्यांचीच मुलगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेलो. रात्रभर तयार केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "काका, सुरक्षेच्या दृष्टीनं सेक्रेटरीचा ईमेल दुसऱ्या गावातल्या माणसाचा असलेला बरा. इथे चोरी झाली तरी कोड तिथे सुरक्षित."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर खोटी कार्डं पकडलेली ती नजर. "असा नियम आहे?"

"आहे. काम एवढंच."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. त्यांच्या ईमेलवर आलेला कोड त्यांनी टाकला, मी मेधाचा ईमेल परत घातला आणि लॉगिनचा नवा कोड मागवला. दोघंही फोनकडे बघत बसलो. तो वाजला तेव्हा काकांनी घाईनं उचलला.

"हां, बोल. परत तुझ्याकडेच आलाय. कदमांचा काहीतरी नियम आहे. सांग… थांब, थांब, पेन शोधतो. तोवर छोटूचं सांग."

पेन त्यांच्या खिशालाच होतं. मी उठलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.