अस्सल अरबी एम्पानादा

अर्जेंटिनातल्या तुकुमान पालिकेने यंदा परदेशांतून येऊन वसलेल्या समाजांच्या मेळाव्याला शिस्त लावायचे ठरवले आणि शिस्तीचा पहिला बळी नेलिदा यापुर ठरल्या. अरबी ठेल्यावर आधी त्यांची आई उभी राहायची, आईमागे त्या. त्यांच्या खिमा भरलेल्या, करंजीसारख्या एम्पानादांवर लिंबू पिळायला निम्मे शहर लोटायचे.

सांस्कृतिक विभागाचे बुस्तोससाहेब अदबीने म्हणाले, "बाई, मशिदीचा दाखला लागेल."

"मशिदीचा? अहो, मी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जाते. आजोबा सीरियाचे, होम्सचे."

"म्हणजे मुसलमान नाही? मग अरब कशा?"

"आजोबा अरबीत गायचे, आई अरबीत शिव्या द्यायची. आणखी काय हवं?"

"तुमच्या भावना समजतात." सरकारी माणसाला भावना समजल्या की काम होत नाही, हे नेलिदाबाई जाणून होत्या. "पण ऑर्थोडॉक्स म्हणजे रशियन. तुम्हाला रशियन ठेला मंजूर!"

अरबी ठेला गेला खुलियान फेर्रेरोकडे. आजोबा इटलीचे, पण हा नुकताच मनोभावे मुसलमान झालेला. बिचारा ओशाळून बाईंच्या स्वयंपाकघरात आला.

"नेलिदाबाई, मला फक्त राव्हिओली येते हो!"

"दिवे लावलेस! चल, कणीक मळ."

बाईंना राग होता, पण आईची चव पालिकेपायी मरू द्यायची नव्हती. एम्पानादा त्यांनी केल्या, विकल्या खुलियानने. स्वतः बाई भर उन्हाळ्यात केसाळ टोपी घालून बिटाचे सूप वाढत उभ्या राहिल्या.

पहिले बक्षीस अरबी ठेल्याला मिळाले. बुस्तोससाहेब एम्पानादा चघळत म्हणाले, "याला म्हणतात अस्सल! धर्माशिवाय हाताला ही चव येत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. "गाढवाला गुळाची चव काय!" त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात साखर कारखान्यातला एक सावळा इंजिनियर सूप प्यायला आला.

"तुम्ही भारतातले ना? म्हणजे हिंदू. थांबा, यात गोमांस आहे."

"वाढा की. मी वसईचा, लोपीस. कॅथलिक आहे."

बाईंचा डाव हवेतच थांबला. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "कॅथलिक? मग भारतीय कसे?"

लोपीस हसला. त्याला या प्रश्नाची सवय होती.

"आमच्याकडे तरी काय वेगळं आहे, बाई? माझी आई जन्मभर मराठीतच बोलली, मराठीतच भांडली. तरी पुण्याचे लोक कौतुकानं म्हणायचे, ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता!"