दातांनी गाडी ऐकणारे विश्वासकाका

शिवाजी पेठेतले आमचे शेजारी विश्वासकाका गाडीचे स्टिअरिंग चावतात. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. इंजिन सुरू करायचे, डोळे मिटायचे, मान पुढे काढायची आणि स्टिअरिंगच्या कडेवर वरचे दात अलगद टेकवायचे. त्यानंतर मिनिटभर हा माणूस या जगात नसतो. दुपारचे ऊन गल्लीत पेंगत असते, इंजिन एका सुरात गुणगुणत असते, आणि काकांच्या चेहऱ्यावर एखाद्या दूरच्या गावाला पोहोचल्यासारखी शांतता उतरते. तालमीकडे निघालेला एखादा पैलवान थांबून विचारतो, "काका, कशी हाय चव?" काका आपले मिनिट पुरे करतात, स्टिअरिंगवरून दात उचलतात आणि गंभीरपणे सांगतात, "मीठ कमी हाय."

हाताला सवय लागते, दाताला लागत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. माझे शिक्षण यंत्रांच्या कंपनांवर झाले असून एका पंपाच्या कारखान्यात मी रोज कंपनेच मोजते. साहजिकच हा सिद्धान्त ऐकून मी हसले. मग घरी जाऊन, दार लावून, आमच्या गाडीचे स्टिअरिंग चावून पाहिले. सिद्धान्त बरोबर होता. हाडातून येणारी थरथर तळहातापेक्षा फार स्वच्छ कळते.

साखर कारखान्याच्या गाड्या आयुष्यभर दुरुस्त करून निवृत्त झालेल्या काकांनी थरथरीला नावे दिली आहेत. तळपायाला लागतात त्या मुंग्या, आरशाला भरते ते हीव, आणि गाडीच्या पोटात दाटतो तो घुमा. एका जेवणावळीत मांडवामागचा जनरेटर घुमू लागला, तेव्हा पांढऱ्या रश्श्याची वाटी तशीच टाकून ते उठले, कुठूनसे पोते आणले, घडी करून जनरेटरखाली सारले आणि मगच येऊन जेवले. रस्सा गार झाला होता. यजमान म्हणाले, दुसरा वाढतो. काका म्हणाले, "नगं. आता निवांत लागतोय."

अशा माणसाच्या स्वतःच्या व्हॅनचे फाउंडेशन तुटावे, हा दैवाचा विनोद होता. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात. त्यांना आपल्याकडे फाउंडेशन म्हणतात. त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटच्या थेट खाली आहे, म्हणजे ठोकळा बिघडला की पहिली वर्दी बसणाऱ्याला. मूळ कंपनीचे ठोकळे आता मिळत नाहीत. बाजारात इतरांचे मिळतात, आणि त्यातली निवड सोपी नाही. मऊ घेतला तर थरथर शोषली जाते, पण गिअर बदलताना इंजिन डोलते. कडक घेतला तर इंजिन जागचे हलत नाही, पण त्याची सगळी कुरकुर अंगात उतरते.

निवडीची घाई होती. तीन वर्षांपूर्वीच्या तापात काकांच्या बायकोचे, मालूकाकींचे, ऐकणे पूर्ण गेले. त्या बोलतात, आपण फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वाचतात. तेव्हापासून त्या चंदगडला, थोरल्या बहिणीकडे गेल्या नव्हत्या. आता ती बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि एकदा तोंड दाखवून जा, असा तिकडून सारखा निरोप. काकींचे मात्र ठाम होते: एसटी नको, कुणाची गाडी नको, जायचे तर आपल्याच व्हॅनने. आणि व्हॅन तीन महिने दारात उभी. काका ठोकळे आणत, बसवत, चावत आणि उतरवत.

शेवटी मी मध्ये पडले. बाजारातले तीन प्रकारचे ठोकळे मागवले, सीटवर फोन ठेवून त्यातल्या कंपनमापकाने प्रत्येकाच्या थरथरीचा आलेख काढला आणि निष्कर्ष मांडला. काकींना ऐकू येत नाही, तेव्हा आवाजाचा प्रश्न निकालात निघतो. उरले कंपन. ते जितके कमी, तितका प्रवास सुखाचा. सबब सर्वांत मऊ ठोकळा. काकांनी आलेखाच्या रेघेवरून बोट फिरवले. काहीतरी बोलायचे होते त्यांना. पण माझ्या पदवीचा त्यांना नको इतका आदर आहे. "कागद म्हणतोय तर बसवूया," एवढेच म्हणाले.

व्हॅन इतकी अलगद झाली की मला स्वतःचा अभिमान वाटला. दोघे रंकाळ्याला फेरी मारायला गेले. पाऊण तासाने काकी एकट्या चालत परत आल्या. अर्ध्या वाटेत डॅशबोर्डवर थाप मारून त्यांनी गाडी थांबवली होती. मागाहून काका रिकामी व्हॅन घेऊन हळूहळू गल्लीत शिरले.

काय झाले, असे मी फोनवर लिहून त्यांच्यापुढे धरले. काकी आपला आवाज किती चढतो हे न कळणाऱ्या माणसाच्या मोकळ्या स्वरात म्हणाल्या, "अगं, बंद पडल्यागत वाटतंय. खिडकीतनं रस्ता पळतोय, माणसं पळत्यात, आन मी कुठंच न्हाई. सपनात बसल्यागत. भ्या वाटलं मला."

काका दाराला टेकून उभे होते. जमिनीकडे बघत म्हणाले, "तिला गाडी बुडाखालनंच ऐकू येत्या, पोरी. जुन्या फाउंडेशनवर समदं कळायचं तिला. घरात मी हाक मारून मारून दमतो. गाडीत तेवढी ती माझ्याबरुबर असत्या."

तीन महिने हा माणूस थरथर घालवण्याचा प्रयत्न करीत नव्हता. तो ती शोधत होता: भीती घालवण्याइतकी जास्त, आणि चंदगडपर्यंत कंबर टिकेल इतकी कमी. माझा आलेख अचूक होता. प्रश्न चुकला होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. या वेळी आलेखातली सर्वांत कमी थरथरीची रेघ शोधायची नव्हती, म्हणून हिशेब अवघड होता. उजवीकडे मध्यम रबर, डावीकडे, काकींच्या सीटखाली, कडक. काकांनी दात टेकवले, मान हलवली, पुन्हा टेकवले. मग म्हणाले, आता पन्हाळ्याचा चढ सांगेल.

मी मागच्या सीटवर होते. खाली उसाची शेते, त्यांवर तरंगणारे पांढुरके धुके, आणि वर वळणावळणाने जाणारा रस्ता. काकींनी डोळे मिटले होते. तळहात सीटच्या कडेवर पसरून ठेवलेला. पहिले वळण गेले, दुसरे गेले. व्हॅनमध्ये हलका, समजूतदार घुमा भरून राहिला होता. चढ अंगावर आला तसे इंजिन जड झाले, आणि काकी डोळे न उघडता मोठ्याने म्हणाल्या, "आता दुसरा टाका की."

गाडी चालवण्याबाबत आयुष्यात कुणाचे एक अक्षर न ऐकलेल्या काकांनी निमूट दुसरा गिअर टाकला.

वर पोहोचताच काकींनी मला फरमावले: चंदगडला फोन लाव, सकाळी निघतोय म्हणून सांग. फोन बहिणीनेच उचलला. आवाज खोल गेलेला. पण चौकशी खास थोरलीची. एवढ्या लांबच्या वाटेला जुनी गाडी, धड हाय न्हवं? हादरत न्हाय न्हवं?

मी पुढे पाहिले. काका काकींना खिडकीतून काहीतरी दाखवत होते.

"हादरते, मावशी," मी सांगितले. "अगदी बेताने हादरते."