तिरपोजीच्या डबक्यातला बुडबुडा

एका जंगलात, बाळांनो, एक डबकं होतं. केवढं? तुमच्या आजीच्या परातीहून मोठं आणि तुमच्या मामाच्या गप्पांहून लहान.

त्यात तिरपोजी नावाचा म्हातारा खेकडा बायकोसह राहायचा. लहानपणी तो शाळेत जायला निघाला होता. पण दार समोर आणि चाल आडवी. त्यामुळे सगळी वर्षं भिंतीलगतच गेली. जे काय शिकला ते भिंतीपलीकडून ऐकून. तरी बोलायला मागे नसे. अर्धंच ठाऊक असलं की बोलायला जागा जास्त मिळते, असं त्याचं म्हणणं.

दुःख एकच. रोज दुपारी दंताप्पा रानडुक्कर यायचा आणि डबक्यात मनसोक्त लोळायचा. काठावरचं तिरपोजीचं बीळ बसून जायचं. मग संध्याकाळभर नवराबायको चिखल उपसत बसायची.

"अहो, काहीतरी करा," बायको चिमटाबाई म्हणाली. "नुसत्या नांग्या काय मिरवताय?"

दुसऱ्या दिवशी दंताप्पा आला तसा तिरपोजी आडवा झाला. म्हणजे होताच.

"थांबा दंताप्पा! पाय ठेवू नका. सृष्टीतला पहिला जीव इथे जन्मला!"

"इथे? ह्या चिखलात?"

"ह्याच. आधी नुसता चिखल होता. मग ऊन पडलं, वीज कडाडली, चिखलाला गुदगुल्या झाल्या आणि एक बुडबुडा वर आला. तोच तुमचा-आमचा मूळपुरुष."

"तुम्ही पाहिलात?"

"पाहायला तेव्हा डोळे होते कुणाला?"

दंताप्पाने मान लववली, डबक्याला पाठ न दाखवता मागे मागे गेला आणि निघून गेला. तिरपोजी बिळात शिरून इतका हसला, की नांगी निखळायची वेळ आली.

पण जंगलात बातमी चालत नाही, उडते. तिसऱ्या दिवशी ढोकशास्त्री हजर. हे मोठे पक्षी आणि मोठे विद्वान. खेकडे खायचे, पण विद्वत्तेच्या वेळेत नाही.

"जीव इथला नव्हेच," एका पायावर उभे राहून ते म्हणाले. "तो आभाळातून आला. दगडावर बसून."

"आणि त्या दगडावर कुठून आला, शास्त्रीबुवा?"

"तो विषय पुढच्या अधिवेशनाचा."

वाद पेटला. वादाला गर्दी जमली. गर्दीला दोन्ही मतं पटली. शेवटी ढोकशास्त्रींनीच तोड काढली, की दगड आभाळातून आला तो ह्याच डबक्यात पडला. लगेच तिरपोजीचा सत्कार झाला. शाल आठ पायांत अडकली आणि नारळ अंगावर पडता पडता राहिला.

आता गंमत बघा. तिरपोजीला स्वतःलाच ते सगळं खरं वाटायला लागलं. रोज बुडबुड्याच्या गोष्टीत भर पडायची. बुडबुड्याला आता आडनावसुद्धा होतं.

"एक दिवस त्याचं लग्नही लावाल," चिमटाबाई म्हणायची.

आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पवित्र जागेवरून कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. माकडांनी ओंजळ ओंजळ तीर्थ नेलं. सांबरांनी कपाळाला चिखल लावला, शिवाय घरच्यांसाठी बांधून घेतला. हत्तीने आजारी मावशीसाठी सोंडभर नेलं. हत्तीला मावश्या पुष्कळ.

एका सकाळी चिमटाबाईने नवऱ्याला नांगीने ढोसलं. "उठा, बुडबुड्याचे वारसदार. पाणी संपलं. पाठ तडकायला लागली माझी."

तिरपोजी घाबरून धावला तो थेट दंताप्पाकडे. म्हटलं, निदान हा लोळला तर खालचा ओलावा तरी वर येईल.

"चला दंताप्पा, लोळायला चला!"

दंताप्पा कपाळाला टिळा लावून झाडाखाली बसला होता. त्याने दोन्ही कान हलवले. "शिव शिव! आधीच केवढं पाप झालंय. आजा तिथेच लोळला, बाप लोळला, मी लोळलो. आम्ही लोळून लोळूनच तो खळगा पडला. माती दाबली गेली आणि पाणी धरायला लागली. पहिल्या जीवाच्या जागेवर तीन पिढ्या बुडं घासली हो आम्ही!"

तिरपोजीचे डोळे होते त्याहून बाहेर आले. सृष्टी कुठून आली हे त्याने गावभर सांगितलं होतं. डबकं कुठून आलं हे कधी विचारलंच नव्हतं.

तो धावत परत आला आणि कोरड्या खळग्याच्या काठावरून ओरडला, "लोकहो, थाप मारली मी! इथे कुणी जन्मलं नाही. हे डबकंच मुळी डुकराच्या बुडाखालून जन्मलंय!"

"मूळस्थानाची निंदा!" ढोकशास्त्री किंचाळले. "आणि आज माझ्या विद्वत्तेची वेळही संपली!"

चोच आली, दगड आले, मागून सत्काराचा नारळही आला. तिरपोजी वाचला तो केवळ आडवा पळतो म्हणून. सगळ्यांचा नेम समोर होता.

नवराबायको दूरच्या एका ओहोळावर राहायला गेली. तिथे पहिल्याच दुपारी एक रानरेडा आला आणि ऐसपैस बसला. नवं बीळ भुईसपाट. चिमटाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तिरपोजी डोळ्यांपर्यंत चिखलात रुतला होता.

"या दादा, या," तो आतून म्हणाला. "आणखी थोडं इकडे सरका."

तात्पर्य : थाप मारल्याने कुणाचं घर जात नाही. लोकांना ती पटली की जातं. तेव्हा बाळांनो, खुशाल थापा मारा. फक्त खरं बोलायची सवय अंगाला लावून घेऊ नका, नारळ लागतो.