मास्तरांनी हात खाली आणिला त्याची हकीकत

श्री वाग्देवी प्रसन्न असो, विजेचा पुरवठा अखंड राहो, आणि ज्यांची उत्तरे यावयाची राहिली आहेत त्यांची उत्तरे येवोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवसापासोन ही हकीकत सुरू होते. धन्यांची आज्ञा जाहली जे, बँडवाले धोंडीराम मास्तर यांचे काम आपले हातून कैसे बिघडले आणि मग कैसे नीट जाहले ते जैसे घडले तैसे लिहिणे, आपली चूक झाकू नये, पुढील मंडळींस उपयोगी पडेल. त्यावरून लिहितो. नदीकाठी एक राज्य होते, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य म्हणजे टायरच्या दुकानावरील दोन खोल्या, सात माणसे आणि आठ संगणक, परंतु ऐट मोठी. लोकांस वेबसाइटी बांधून देणे हा राज्याचा उद्योग, आणि दवाखानेवाले, गूळवाले, क्लासवाले ऐसे गिऱ्हाईक बहुत. राज्याचे धनी पुष्करपंत, बुद्धीने तीक्ष्ण, बोलण्यास गोड, मात्र घाईचे. गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार ठेवणे मृणालबाई सबनीस यांजकडे, आणि पाने सजविणे प्रस्तुत लेखकाकडे. राज्यात एक कायदा होता. कामाचा नमुना गिऱ्हाइकास मेलने पाठवावा, आणि तळाशी बारीक अक्षरात लिहावे की, तीन दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजून पुढील काम सुरू होईल. कायदा पंतांनी हात पोळल्यावर केला, कारण गिऱ्हाइकाने आठ दिवस मुके बसावे आणि नवव्या दिवशी म्हणावे की निळा नको, हिरवा करा. कायदा जाहल्यापासोन कामे झपाट्याने उरकू लागली, आणि गप्प बसला तो राजी, हे आम्हां सर्वांचे अंगवळणी पडले.

ऐसे चालले असता धोंडीराम मास्तर अवघडे राज्यात पावले. पासष्टीचे गृहस्थ, उंच, काळा कोट, पितळी बटणे लखलखीत, एकवीस वादकांच्या पथकाचे मालक, आणि चार तालुक्यांत त्यांचे वाचून वरात शोभत नसे. पंतांनी सामोरे जाऊन बसविले, चहा दिला, आणि मग प्रश्नावली पुढे ठेविली. प्रश्न बेचाळीस. आपले ध्येय काय, आपले प्रतिस्पर्धी कोण, आपला व्यवसाय प्राणी असता तर कोणता असता, ऐसे. मास्तरांनी चष्मा लावून बेचाळीसही प्रश्न वाचिले, आणि शेवटास आपली सही केली, बाकी सर्व जागा कोऱ्या. तोंडाने इतकेच बोलिले की, वेबसाइट पाहिजे, दूर मुलखात लोकांच्या फोनवर दिसेल ऐसी, आणि लवकर पाहिजे. लवकर कशास, हे कोणी पुसिले नाही. लग्नसराई तोंडावर आली, मग बँडवाल्यास दुसरे काय पाहिजे, ऐसे पंतांनी मनातच ताडिले, आणि कोऱ्या जागा आम्हीच भरल्या. प्राण्याच्या जागी सिंह लिहिला.

मग काम सुरू जाहले आणि आम्ही हौसेस मोल ठेविले नाही. पहिल्या पानावर परमुलखातील एका बँडची तसबीर चढविली, लाल डगले, माथी केसाळ उंच टोप, आणि एकाही इसमास मिशी नाही. पानाच्या वरून झेंडूची फुले हळूहळू खाली पडत, ती योजना या लेखकाचीच, आणि खरे सांगावे तर तिचा मोह अद्याप सुटला नाही. "आजच बुक करा" ऐसी केशरी बटणे तीन ठिकाणी बसविली. नमुना मास्तरांस पाठविला, तीन दिवस लोटले, उत्तर नाही, आणि पंत बोलिले, संमती. दुसरा नमुना पाठविला, पुन्हा तीन दिवस, पुन्हा संमती. तिसरे खेपेस मृणालबाईंस चुटपुट लागली आणि त्या फोन करावयास उठल्या, तो पंत बोलिले, "झोपलेल्या गिऱ्हाइकाला जागं करू नये, मृणालताई." सर्व हसले, त्यात मीही हसलो.

मार्गशीर्ष शुद्ध दशमीस मास्तरांचे दुकानात उद्घाटन नेमिले. सारे राज्य सातही माणसांनिशी गेले. भिंतीस जरीचे डगले टांगिलेले, खाली ढोल मांडिलेले, एकवीस वादक रांगेने उभे, आणि मध्ये मोठा टीव्ही. नारळ फुटला, पान उघडले, फुले पडू लागली. मास्तर पुढे उभे होते, उजवा हात छातीपाशी, जैसा वाजविण्यास आरंभ करिताना असे. त्यांनी पान वरपासोन खालपर्यंत पाहिले आणि हात सावकाश खाली आणिला, आणि एकवीस माणसे जागचे जागी स्तब्ध जाहली, माना खाली. आम्ही टाळ्या वाजविल्या. सात जणांच्या त्या टाळ्या त्या दुकानात ऐशा पोरक्या वाजल्या की मृणालबाईंनी मध्येच हात आवरिला, आणि मागे सरून भिकाजी ढोलवाले म्हणोन पथकात सर्वांत जुने, त्यांस हळूच पुसिले की हे काय जाहले. भिकाजी बोलिले, "हात खाली आला, ताई. चुकलंय. कोण चुकलं त्ये ज्यानं त्यानं वळखायचं. मास्तर बोलून दावत न्हाईत, चाळीस वर्सांत कदी न्हाई." ऐसे ऐकोन मृणालबाईंचा चेहरा उतरला. ज्या मौनास आम्ही तीन वेळा होकार म्हटले, ते मौन मास्तरांनी तीन वेळा आमच्याकडे नकार म्हणोन धाडिले होते, आणि आम्ही प्रत्येक वेळी नवे बटण बसवीत गेलो.

दुसरे दिवशी मृणालबाई एकट्याच दुकानी गेल्या. संगणक नेला नाही, वही नेली नाही. मास्तरांचे उजवे बाजूस बसल्या आणि बोलिल्या, परंतु मास्तर ऐकल्यासारखे दिसेनात, मग त्यांनी बोटाने डाव्या बाजूची खुर्ची दाखविली, आणि बाई तिकडे जाऊन बसल्या. पुसिले, "मास्तर, ही वेबसाइट कोणी बघावी असं तुम्हाला वाटतं?" मास्तर गप्प. आमच्या धंद्यातील मनुष्यास गप्प बसणे सोसत नाही, लगेच तो दोन पर्याय पुढे करितो, परंतु बाईंनी त्या दिवशी जिभेस आवर घातिला आणि तैशाच बसून राहिल्या. चहा आला, निवला, आणि मग मास्तर बोलिले, "एकाच मानसानं. रसूलभाईनं."

मग हळूहळू सर्व निघाले. रसूलभाई शिकलगार हे पथकात सव्वीस वर्षे क्लॅरिनेट वाजवीत, आणि पाठवणीची चाल त्यांनी धरिली की नवरीच्या बापास भिंतीचा आधार घ्यावा लागे. नऊ वर्षांमागे एका थोरांचे दारी वरात उभी, रसूलभाई तीच चाल वाजवीत, तो मास्तरांस सूर उतरला ऐसे वाटले आणि भर वरातीत त्यांनी हात खाली आणिला. पथक बंद पडले. सारा गाव रसूलभाईंकडे पाहू लागला. त्यांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेविले, मास्तरांस सलाम केला, आणि गेले ते परत आले नाहीत. इतके सांगोन मास्तर थांबले, मग बोलिले, "सूर त्याचा बरोबर हुता, ताई. कान माझा खोटा हुता. डाक्टरनं कान तपासला तवा कळलं. मग पथकात इचारलं, तर समदे म्हनले, व्हय मास्तर, सूर बरोबरच हुता. तवा कुनी बोललं न्हाई, कारन आमच्यात बोलायची पद्धतच न्हाई. सांगायला त्याच्या घरी गेलो तर कुलूप." आता डावा कानही चालला होता. वैद्यांनी सांगितले होते जे, चैत्रापर्यंत राहील तितका राहील. त्याचे आत एकदा ते क्लॅरिनेट कानी पडावे, इतक्यासाठी मास्तर टायरच्या दुकानावरील जिना चढून आले होते. बाईंनी विचारिले की, हे पहिल्या दिवशी का सांगितले नाहीत. मास्तर बोलिले, "तुमच्या कागदावर तसा सवालच न्हवता."

मृणालबाई परत येऊन हे सर्व पंतांस सांगत्या जाहल्या. पंत शरमिंदे जाहले, तरी धंदेवाईक मनुष्य, म्हणाले, दुसरे एखादे पान जोडू, बुकिंग असू द्यावे. बाई बोलिल्या, नको, एकच पान, एकच ओळ. पंत म्हणाले, "अहो, मग ती वेबसाइट कसली? ते पोस्टकार्ड झालं." बाई म्हणाल्या, "त्यांना पोस्टकार्डच टाकायचंय. पत्ता ठाऊक नाही, म्हणून आपल्याकडे आलेत." यावर, हे पंतांचे भूषणच म्हणावे, त्यांनी स्वहस्ते केशरी बटणे पुसिली. फुले मी पुसिली. मग ओळ लिहिण्यास चार दिवस लागले. मास्तर येऊन बसत, एक वाक्य सांगत, बाई ते डाव्या कानाशी मोठ्याने वाचून दाखवीत, मास्तर मान हलवीत, आणि पुन्हा दुसरे. पौष शुद्ध द्वितीयेस पान सिद्ध जाहले. वर पथकाची जुनी तसबीर, त्यात डावीकडून तिसरे रसूलभाई, डोळे मिटलेले. खाली ओळ, "रसूलभाई, त्या दिवशी सूर तुमचा बरोबर होता. चुकलो मी. धोंडीराम." आणि त्याखाली उत्तर लिहिण्याची जागा. वादकांनी ते पान फोनावरून या पथकातून त्या पथकात धाडिले, आणि ते मुलखाबाहेर गेले.

मग वाट पाहणे सुरू जाहले. पौष गेला, माघ गेला. उत्तरे बहुत आली. कोणी लिहिले, माझ्या लग्नात यांनीच वाजविले, कोणी आपल्याच एका मित्राची आठवण काढून रडला, परंतु ज्याचे पाहिजे त्याचे नाही. मास्तर दर सोमवारी अकरा वाजता येत, बाकावर बसत, काही पुसत नसत. पूर्वी आम्ही म्हटले असते, कळविण्याजोगे काही नाही तर कशास कळवावे. आता मृणालबाई हातचे काम टाकून उठत, जवळ जाऊन बसत, आणि सांगत, "आज नाही, मास्तर." फाल्गुन मासी आवाज चढवून सांगावे लागे, आणि वद्यपक्षात चढविलेला आवाजही पोहोचेना, मग बाई चिठ्ठीवर "नाही" लिहून देत, आणि मास्तर ती वाचून, घडी करून, कोटाच्या आतल्या खिशात ठेवीत. कशास ठेवीत ते देव जाणे. त्या दिवसांत आम्हां सर्वांस खोड लागली, मेल वाजला की सात माना एकदम वर. या लेखकासही एक उत्तर बहुत वर्षे यावयाचे आहे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र शुद्ध नवमी, ते दिवशी उत्तर आले. लिहिणारी रसूलभाईंची नात, दक्षिणेस शंभर कोसांवरून. तिने लिहिले, "आजोबांनी पान पाहिलं. ते सांगतात, दात गेले, फुंक धरवत नाही, चार वर्षं पेटी उघडली नाही. मास्तरांना वाजवणारा हवा असेल, तर तो आता राहिला नाही."  पंत म्हणाले, मास्तरांस एकदम दाखवू नये, मजकूर थोडा सौम्य करून सांगावा. बाई म्हणाल्या, सांगायचे ते आहे तैसेच सांगायचे. मोठ्या अक्षरात कागद छापिला आणि आम्ही दोघे दुकानी गेलो. मास्तरांनी कागद डोळ्यांशी नेऊन दोनदा वाचिला. मला वाटले, आता हात खाली येईल. परंतु त्यांनी माझ्या खिशातील पेन काढून घेतिले आणि त्याच कागदाखाली लिहिले, "मला बी आता ऐकू येत न्हाई. तुमी या."

वैशाख शुद्ध षष्ठीस रसूलभाई नातीसह एस. टी.ने आले. बारीक, वाकलेले, हाती छत्री. मास्तरांनी उठून त्यांस आपले डावे बाजूस बसविले. बोलणे काहीच जाहले नाही. एकास ऐकू येईना, दुसऱ्यास दातांवाचून बोलण्याचा संकोच, आणि दोघेही मूळचेच अबोल. बऱ्याच वेळाने रसूलभाईंची बोटे छत्रीच्या दांडीवर हलू लागली, आधी दोन, मग सर्व. मास्तरांनी पाहिले, आणि उजवा हात छातीपाशी नेऊन ताल धरिला. आवाज काही नाही, बाहेर रस्त्यावर रिक्षा तेवढ्या जात होत्या. मला काय कळणार, परंतु भिकाजी बोटांकडे पाहून ओळखते जाहले, आणि माझे कानाशी बोलिले, "पाठवणीची चाल हाय. तवा हात खाली आला हुता, ती जागा आता येतीया." ती जागा आली. रसूलभाईंनी डोळे मिटले. मास्तरांचा हात चालूच राहिला, आणि चाल शेवटपर्यंत गेली. मग नातीने आजोबांचे तोंड पुसिले आणि चहा आला.

सारांश इतकाच. तीन दिवसांचा कायदा पंतांनी मोडिला. प्रश्नावलीचे बेचाळीस प्रश्न काढून एक ठेविला, की कोणी यावे ऐसे वाटते, आणि उत्तर येईपर्यंत समोर बसावे, मध्ये बोलू नये. काम पुरे जाहले म्हणोन आम्ही मास्तरांस पान काढून टाकण्याविषयी पुसिले होते, परंतु नातीने कळविले जे, आजोबा रोज सकाळी फोन मागून घेतात, ती एक ओळ वाचितात, आणि फोन परत देतात. सबब पान ठेविले आहे. येणेप्रमाणे हकीकत पुरी जाहली, लिहिणाऱ्याचे चुकले असेल तेथे वाचणाऱ्याने स्पष्ट सांगावे.