सोनेरी चौकटीतले तातांगदादा

अख्ख्या बांडुंग शहरात रेकॉर्डचं कव्हर करावं तर ते या यायातनेच! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

माझा धंदा छपाईचा. माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी घरी प्रार्थना होते आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात आठवणीची पुस्तिका ठेवतात. ती मी करतो. हिरवं मखमली कव्हर, सोनेरी वेलबुट्टी, अंडाकृती चौकटीत फोटो, खाली नाव आणि दोन तारखा. हयातीत ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, अशांनाही मी राजबिंडं केलंय! पण नाव छापायचं ते नेहमी दुसऱ्याचं. एक तर मेलेल्याचं, नाहीतर त्याच्या रडणाऱ्या घरच्यांचं. माझं कुठेच नाही.

आणि माझा देव म्हणजे 'गेरोबाक बिरू' बँड, म्हणजे निळी हातगाडी. अकरा वर्षांचा होतो तेव्हा शाळेच्या बाकांवर ती हातगाडी कोरली होती. गुरुजींनी एकोणीस बाकं घासून घेतली. विसावं त्यांना सापडलंच नाही!

तर त्या बँडचे गायक तातांगदादा एक दिवस स्वतः दुकानात आले.

"यायात, अठरा वर्षांनी रेकॉर्ड काढतोय. खरीखुरी काळी तबकडी. कव्हर तू कर. शनिवारी घरी आणून दाखव. आवडलं तर मागे तुझं नाव टाकू."

माझं नाव! त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो आणि दोन्ही वेळा काय जेवलो ते आठवत नाही.

बायको, निनिंग, म्हणाली, "मखमल नको हं लावू."

"मला शिकवतेस? ही कला आहे!"

मखमल लावली नाही. पण हिरवा रंग लावला. सोनेरी वेलबुट्टीही लावली, थोडी जास्तच. मधोमध अंडाकृती चौकटीत तातांगदादा, खाली नाव, जन्मतारीख, आणि शेजारी रेकॉर्डिंग पूर्ण झालं ती तारीख, म्हणजे शनिवारच्या आदल्या दिवशीची. जागा रिकामी दिसत होती ना! मागच्या बाजूला सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, हळूच माझं नावही टाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी पुढच्या बाजूचा फोटो चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "तातांगदादा! डोळ्यांत पाणी आलं. शब्दच नाहीत." तेवढ्यात फोनने मान टाकली. म्हटलं, मरू दे, आणि आरामात तळलेल्या बातागोरची प्लेट चापून तातांगदादांच्या गल्लीशी आलो.

गल्लीच्या तोंडाशी पिवळा झेंडा!

पिवळा झेंडा म्हणजे घरात मयत. पुढे बायका मयताच्या घरी द्यायला पदराखाली तांदळाची पातेली घेऊन निघालेल्या. दादांच्या फाटकाशी माणसाहून उंच असे फुलांचे सहा बोर्ड, सगळ्यांवर 'आम्ही दुःखात सहभागी आहोत'. मी भर रस्त्यात भोकाड पसरलं. खोटं कशाला सांगू, रडता रडता एक विचार आलाच. आता कव्हर पसंत कोण करणार?

गल्लीप्रमुख एन्तिसकाका खुर्च्या मांडत होते. मी त्यांचा हात धरला. "काका, कधी गेले हो?"

"काल."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तूच तर छापून ग्रुपवर टाकलंयस!"

"मी?"

"जन्म अमुक, मृत्यू काल. सोनेरी चौकट. तुझं काम बघून कोण शंका घेणार? वहिनी बहिणीकडे गेल्यात, दार आतून बंद. आम्ही त्यांचीच वाट बघतोय."

मी तोंड उघडणार, एवढ्यात गर्दी फाडत एक जाडजूड माणूस आला आणि दारावर डोकं आपटू लागला. ओदांग! बँडचा जुना ड्रमवाला. अठरा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात यानं एकट्यानंच सव्वीस मिनिटं ड्रम बडवले होते. तातांगदादा तोवर मंचामागे झोपून गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आणि बँडही बंद.

"तातांग!" ओदांग हंबरडा फोडत होता. "चूक माझी होती रे! सव्वीस मिनिटं फार झाली! माझी चूक!"

दार उघडलं. लुंगी, तोंडात दात घासायचा ब्रश, केस उभे, असे तातांगदादा!

बायका किंचाळल्या. एक पातेलं सांडलं. एन्तिसकाका खुर्चीत बसले, ते खुर्चीसकट मागे पडले.

तातांगदादांनी ब्रश काढला आणि शांतपणे म्हणाले, "ओदांग, शेवटचं वाक्य परत बोल. सगळ्यांसमोर."

"आधी मर, मग बोलतो!" असं म्हणून ओदांगने त्यांना कवटाळलं. दोघं म्हातारे असे रडले, असे रडले, की मलाही परत रडू फुटलं. रडत रडतच मी मागच्या मागे सटकत होतो.

"यायात! इकडे ये."

गेलो. दादांनी कव्हर हातात घेतलं, तारखा वाचल्या, माझ्याकडे पाहिलं.

"दादा, हातालाच सवय हो... माफ करा!"

त्यांनी ओदांगच्या खांद्यावर हात टाकला. मग म्हणाले, "या गाढवाला मी जिवंतपणी अठरा वर्षं परत आणू शकलो नाही. तू एका चौकटीत आणलंस. दुसरी तारीख खोड. बाकी हेच छाप, आणि मागे नाव टाक तुझं."

छाती अशी फुगली म्हणता! त्याच आठवड्यात ती दुसरी तारीख काढली आणि पाचशे कव्हरं छापली. पहिलं निनिंगच्या हातात ठेवलं. "वाच! मागे, सगळ्यात खाली. तुझ्या नवऱ्याचं नाव!"

तिने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय गं? शब्दच नाहीत ना?"

"आहेत की. तुझ्या नावाआधीच आहेत." तिने कव्हर माझ्या नाकासमोर धरलं. "जित्याची खोड, दुसरं काय!"

पाचशेच्या पाचशे कव्हरांवर, सुबक सोनेरी अक्षरांत छापलं होतं : 'शोकाकुल, यायात आणि परिवार'.