उंच राईच्या मुहूर्ताची हकीकत

श्रीगिरिजावर कृपावंत असो. शके सोळाशें एकुणनव्वद, सर्वजित् नाम संवत्सरीं, एका डोंगरी राज्यांत जें वर्तलें तें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें असे. राज्य लहान, परंतु डोंगर थोर, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत कॉफीच्या बागा. बीज एकच, परंतु चव एक नव्हे. पायथ्याची जमीन भारी, हवा उष्ण, फळ लवकर पिके, आणि कॉफी दाट, कडवट, बरी होई, इतकेंच. माथ्यावरील उंच राईची गोष्टच निराळी. तेथें माती तांबडी, भुसभुशीत, फणसाचा पालापाचोळा जिरवून माजलेली, पावसाचें पाणी मुळाशीं साचूं न देणारी. आणि वर गारठा, धुकें, त्यामुळें फळ दीड महिना अधिक झाडावर राही आणि सावकाश गोडी भरी, आणि बी टणक होई. ती कॉफी प्याली म्हणजे आधीं संत्र्याच्या सालीचा आंबटपणा, मग गुळाची गोडी, आणि पेला खालीं ठेविल्यावर मागाहून फुलांचा वास. ऐसें पेय दुसरें नाहीं, हें लिहिणारा पैजेवर सांगतो.

या राईची राखण चिमाऊ माळीण करीत असे. वतन तीन पिढ्यांचें, आणि राईवांचून तिला दुसरें घर नाहीं. त्या वर्षीं नारोपंत कारभारी यांस शिस्तीचा झटका आला. पंत मोठे हुशार, परंतु डोंगर कधीं चढले नव्हते. त्यांनीं ज्योतिषी बसवून मार्गशीर्ष शुद्ध दशमीचा मुहूर्त काढविला आणि राज्याच्या पंचांगांत लिहविला, कीं याच दिवशीं अवघ्या बागांतील फळांची तोड व्हावी, आणि जो चुकेल त्याची बाग सरकारजमा. मग खालीं वाजतगाजत तोड जाहली, आणि चिमाऊनें मात्र एका फळास हात लाविला नाहीं. पंत संतापून पालखींतून निघाले, आणि अर्ध्या चढावर भोई थकले, आणि मग पंत धापा टाकीत पायीं वर आले. चिमाऊ भ्याली, फार भ्याली, तरी हात जोडून बोलली, "पंत, फळ अजून हिरवं हाय. खाली सकाळपासनं ऊन असतंया, हितं दुपारपातूर धुकं हटत न्हाय. माघाबिगर ह्येला गोडी यायची न्हाय."

पंत म्हणाले, मुहूर्त सरकारी असतो, झाडाचा नसतो. आणि माणसें लावून अर्ध्या राईचें फळ तोडविलें. हिरवीं फळें टोपल्यांत पडतां चिमाऊच्या डोळ्यांस पाणी आलें. मग तिनें पदर पसरून अर्ज केला, कीं उरली अर्धी माघापर्यंत राहूं द्यावी, आणि दोन्हींचे पेले महाराजांपुढें ठेवावे, आणि माझा उणा ठरल्यास राई सोडून मी चालती होईन. पंतांस हें सोपें वाटलें आणि त्यांनीं मान डोलाविली.

माघांत तिनें लाल फळ तेवढें वेंचिलें, उन्हांत वाळविलें आणि पोतें डोईवर घेऊन दरबारीं आली. महाराजांनीं पहिला पेला घेतला आणि तोंड वाकडें केलें, कीं ही कॉफी कीं गवताचा काढा. पंतांनीं तत्काळ अर्ज केला, कीं महाराज, दोष त्या उंच राईच्या मातीचा. चिमाऊनें आपला पेला पुढें सारिला. मग महाराजांनीं दुसरा पेला घेतला, आणि थांबले, आणि पुन्हां घेतला, आणि विचारते जाहले, कीं ही कोणत्या डोंगराची.

"महाराज, त्याच राईची," चिमाऊ बोलली. "ही दीड महिना जास्त झाडावर ऱ्हायली, येवढंच."

महाराज प्रसन्न जाहले, राई तिजकडे कायम केली, आणि पंतांस आज्ञा केली, कीं उंच राईचा मुहूर्त निराळा लिहावा. पंतांनीं लेखणी दौतींत बुडविली आणि तिथी विचारिली. चिमाऊ म्हणाली, "तिथी सांगता यायची न्हाय, पंत. फुडल्या साली धुकं लांबलं तर फाल्गुन उजाडंल. तेवढी जागा कोरी ठेवा."

तेव्हांपासून त्या राज्याच्या पंचांगांत उंच राईपुढील जागा कोरी असते. नारोपंत, धन्य त्यांची, दर माघांत पायीं डोंगर चढून येत आणि कुंपणाशीं उभे राहून विचारीत, कीं चिमाऊ, झालें काय. आणि ती एक फळ दाबून पाही आणि म्हणे, अजून न्हाय. मग पंत मुकाट्यानें खालीं उतरत. इतकी हकीकत असे.